अस्वलाच्या पोटाची वेल

डोंगराच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळ्यांमागे, एक अस्वल राहत असे. तसं ते सुखी होतं. मोहाची फुलं पोटभर, मिळेल तेव्हा मध, आणि त्यावर ताणून झोप. पण त्या उन्हाळ्यात त्याला एक नवीनच गोष्ट जाणवू लागली. जवळच्या वारुळापर्यंत चालत गेलं तरी त्याची छाती धपापायची. "हे काय होतंय मला?" असं ते स्वतःलाच विचारायचं, आणि उत्तर सापडलं नाही की आणखी थोडी फुलं खायचं.

मुलांनो, त्या जंगलाची एक रीत होती. तळं आटलं की सगळे प्राणी डोंगरापलीकडच्या नदीवर जात. तिकडे जायच्या वाटा दोन. एक खिंडीची, जवळची पण उभ्या चढाची. दुसरी डोंगराला वळसा घालून जाणारी, सावलीची पण लांबची. कुणी कोणत्या वाटेने जायचं हे तळ्यातलं म्हातारं कासव ठरवी, कारण जंगलाची वैद्यकी त्याच्याकडे होती. घरोघर फिरणं त्याला कुठलं जमायला! म्हणून ज्याने त्याने आपलं माप घरीच घ्यायचं आणि दोन वेली आणून त्याच्यापुढे ठेवायच्या. एक वेल नाकापासून शेपटीपर्यंतच्या लांबीची, दुसरी पोटाच्या घेराची. पोटाची वेल लांबीच्या वेलीपेक्षा मोठी भरली की कासव म्हणे, "तुझ्या काळजाला चढ झेपायचा नाही. वळशाने जा."

त्या उन्हाळ्यातही तळं आटत आलं, तेव्हा अस्वल वेली तोडून घेऊन आलं आणि माप घ्यायला बसलं. लबाडी करायचा विचार त्याच्या मनातसुद्धा नव्हता. पण वेलीचं एक टोक दातात धरून दुसरं शेपटीला लावायचं म्हणजे मान ताणावी लागली. मान ताणली तशी लांबी वाढली. मग आली पोटाची पाळी. वेल केसांवरून घ्यायची की केसांच्या आतून? बेंबीवरून की बरगड्यांखालून? कुठेही घेतली तरी गाठ मारायच्या आत सुटून खाली घसरायची. शेवटी त्याने श्वास आत ओढून धरला, तेव्हा कुठे गाठ बसली. दुपारी खात्री करायला पुन्हा मोजलं, तर घेर वेगळाच! श्वास सोडून मोजलं, तर त्याहूनही वेगळा! अस्वल चक्रावलं. एका दिवसात आपण जाड झालो, बारीक झालो आणि पुन्हा जाड झालो, असं कसं? वेलींचा ढीग समोर पडला होता आणि त्यातली आपली कोणती तेच त्याला कळेना.

वरच्या फांदीवरून एक खार हे सगळं पाहत होती. ती म्हणाली, "दादा, मी घेऊ का माप?"

"नको गं खारूताई," अस्वल लाजून म्हणालं. "माझं पोट मला ठाऊक नाही का?"

मग त्याने डोकं खाजवलं, एकेक वेल उचलून पाहिली, आणि सगळ्यात आखूड होती तीच खरी असणार असं ठरवून टाकलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ती वेल त्याला आवडली, एवढंच.

कासवाने दोन्ही वेली शेजारी ठेवल्या. पोटाची वेल थोडी आखूडच भरली. "वेल तर चढ म्हणते आहे," कासव म्हणालं, आणि पुढच्या प्राण्याच्या वेलींकडे वळलं. अस्वलाला आनंद झाला. आनंदाच्या मागोमाग शंकाही आली. आपल्याला काही झालेलं नाही, तर मग दम का लागतो? विचारावं असं त्याला वाटलं, पण एवढं चांगलं उत्तर मिळाल्यावर पुन्हा प्रश्न कशाला, म्हणून ते तसंच घरी परतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्वल खिंडीची वाट चढू लागलं. पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्या वळणावर पाय जड झाले. पुढे ऊन तापलं, छातीत ढोल वाजू लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि अस्वल वाटेतच कोसळलं. त्याला भयंकर भीती वाटली. आपण आता मरणार, असं त्याला अगदी खरंखरं वाटलं. आणि तशातही त्याच्या डोक्यात एकच गोंधळ चालू होता. "वेल तर चढ म्हणाली होती! मग खोटं कोण? वेल की मी?"

झाडांच्या शेंड्यांवरून नदीकडे निघालेली ती खार त्याला पाहून सरसर खाली उतरली. "बोलू नकोस दादा. आधी सरकत सरकत सावलीत ये," ती म्हणाली. अस्वल कसंबसं करंजाच्या सावलीत आलं. खार उन्हं कलेपर्यंत त्याच्या उशाशी बसून राहिली. श्वास जागेवर आल्यावर ती त्याला हळूहळू खाली घेऊन आली, थेट कासवापुढे.

अस्वलाची दशा पाहून कासवाने पहिला प्रश्न विचारला, "माप कुणी घेतलं होतं?"

"मीच."

"श्वास धरून?"

"त्याशिवाय गाठ बसत नव्हती, आजोबा."

कासवाने मान पुढे काढून अस्वलाला नीट न्याहाळलं. मग ते हळू आवाजात म्हणालं, "चूक माझीही आहे. मी वेल पाहिली, तुला पाहिलंच नाही."

मग खारीने एक ताजी वेल तोंडात धरली. "दादा, यंदा मोह कसा फुलला होता रे?" तिने विचारलं. मोहाचं नाव निघताच अस्वल खुलून सांगू लागलं. फुलं किती टपोरी, वास किती गोड! बोलता बोलता पोटाचं भानच त्याला राहिलं नाही, आणि तेवढ्यात खार वेल घेऊन त्याच्याभोवती गर्रकन फिरली. पुन्हा फिरली, तर तेच माप. मान सैल सोडायला लावून तिने लांबीही घेतली. दोन्ही वेली जमिनीवर ठेवल्या. पोटाची वेल लांबीच्या वेलीपेक्षा वीतभर पुढे गेली होती.

"ही कुणाची?" अस्वलाने विचारलं.

"तुझीच," खार म्हणाली.

अस्वल त्या वेलीकडे बघत राहिलं. त्याला वाईट वाटलं, आणि नवल म्हणजे थोडं बरंही वाटलं. दम का लागत होता, ते निदान आता कळलं होतं.

कासवाने मोहाची फुलं निम्म्यावर आणायला सांगितली आणि त्याला वळशाच्या वाटेने धाडलं. खार त्याच्या पाठीवर बसली. थांबत थांबत, सावली धरून दोघं नदीवर पोचली, तोवर बाकीचे प्राणी कधीच येऊन पाण्यात डुंबत होते. अस्वल काठाशी वाकलं. पाण्यात त्याला आपलं रूप दिसलं, आणि सवयीने त्याने पटकन पोट आत ओढलं.

"सोड की श्वास," खार त्याच्या कानाशी म्हणाली. "श्वास धरून पाणी कसं पिशील?"

अस्वलाने श्वास सोडला. पोट होतं तेवढं झालं. मग ते मनसोक्त पाणी प्यालं.

तात्पर्य : आपलं माप आपण घेऊ लागलो की हात नकळत मनाच्या बाजूला ओढतो, म्हणून जिथे गाठ जिवाशी आहे, तिथे माप दुसऱ्याच्या हाताने आणि मोकळ्या श्वासाने घ्यावं.