पडद्यावरचा बचनाग

१४ मार्च. कोरडी हवा, सकाळीच झळा.

“म्हणजे एकही शब्द सुटला नाही?” मठाचे प्रमुख केशरबाबांनी विचारलं.

“बाबा, यंत्राला जांभई येत नाही,” त्यांचा तरुण शिष्य शार्दूल हसला. “आपल्या टंकणाऱ्या काकांसारखं नाही ते.”

काका म्हणजे मी. मठातली औषधांची पोथी मी एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराभोवती खुणा घालायच्या संगणकी पद्धतीत, उतरवली आहे. प्रत्येक कृती एका खुणेच्या जोडीत. जुन्या वैद्यांनी ओळीच्या वर केलेली भर त्याच कृतीच्या आत, वेगळ्या खुणेत. त्यातून मजकूर वाचून काढणारा कोड शार्दूलचा.

“तापावरचं वाच.” बाबांचं अंग कालपासून कढत होतं.

शार्दूलने पडद्यावरचं वाचलं. “बचनाग बारीक कुटून मधातून द्यावा.”

बाबा उठले. फडताळातून मूळ काढलं, खलात कुटलं, मध घातला. आम्ही नुसते बघत राहिलो. त्यांनी वाटी ओठांकडे नेली...

शार्दूलने झडप घातली. वाटी उडाली. मध भिंतीवरून ओघळला.

“बाबा! कच्चा आहे तो! विष आहे!”

“असेल.”

“असेल काय! गोमूत्रात शुद्ध केल्याशिवाय... इथं सगळ्यांना माहीत आहे!”

“तुझ्या पडद्याला?”

...

शार्दूलने माझी फाइल उघडली. ‘गोमूत्रात शुद्ध करून’ हे शब्द तिथे होते, आतल्या खुणेत. त्याचा कोड बाहेरच्या खुणेचा स्वतःचा मजकूर तेवढा उचलत होता; आतली खूण आली की ती ओलांडून पुढे जात होता.

“एका ओळीची दुरुस्ती आहे,” तो पुटपुटला. मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“बाबा... मी सगळं सकाळीच दवाखान्यांना पाठवलंय.”

मठाचे चार दवाखाने. मठातून येईल तसंच औषध करायचं, वर प्रश्न विचारायचा नाही, हा तिथला रिवाज.

शार्दूल बाबांच्या पायांवर कोसळला.

बाबांनी पाय मागे घेतले.

“पाया नंतर पड. आधी फोन कर.”

तीन ठिकाणी फाइल उघडलीच नव्हती. निंबखेडला बचनाग कुटून तयार होता, पण अजून कुणाला दिला नव्हता. तिथल्या वैद्यांनी तो खड्डा करून पुरला.