झिपऱ्याचा वास

हाडांतल्या पेशीही गप्पा मारत, तेव्हाची ही गोष्ट. घाबरलेल्या उंदराने वाटेवर भीतीचा वास सोडून इतरांना सावध करायचं, ही उंदरांची रीत. बांधावरचा झिपऱ्या मात्र सुकं पान वाजलं तरी वास सोडायचा.

त्याची शेजारीण चिमणाबाई उंदरीण. तिच्या हाडांतल्या पेशी आपलं नेसतं पातळ बघून आपल्या लेकींसाठी हुबेहूब तसंच विणायच्या. झिपऱ्याचा वास पोचला की एकच गोंधळ उडे. “मांजर आलं! आटपा!” घाईत धागे तुटत, भलत्याच गाठी पडत.

त्यांतली एक म्हातारी पेशी करवादली, “अगं, मांजर निघून जाईल. ही गाठ मात्र लेकींच्या लेकींना नेसावी लागेल!”

चिमणाबाई पार थकली. शेवटी झिपऱ्याला म्हणाली, “भाऊजी, तुमच्या वासानं माझी हाडं खिळखिळी झाली.”

“मी तुम्हाला बोटही लावलं नाही!” झिपऱ्या फणकारून घरी निघाला, आणि बिळाच्या तोंडातूनच किंचाळत परतला. “वहिनी, पळा! माझ्या बिळात मांजर! भीतीचा वास येतोय!”

चिमणाबाईने जाऊन हुंगलं आणि ती पोट धरधरून हसली. “अहो, हा तर तुमचाच, सकाळचा!”

तिच्या हाडांत म्हातारी पेशी पाय पसरून बसली. “चला गं पोरींनो, मांजर-बिंजर काही नाही, आता सावकाश विणा.”