गेनूचा बॅकअप

एका गावात एक भोळा घरजावई होता. नाव गेनू. कुणी काही सांगितलं की तो तसंच्या तसं करायचा, आणि एकदा शिकवलेलं कधी विसरायचा नाही. खरी पंचाईत तीच होती.

त्याचा सासरा सनई वाजवायचा. पंचक्रोशीत त्याच्या सनईशिवाय लग्न लागत नसे. तो वारला आणि मागे त्याने वाजवलेली एकच सनई उरली, घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलेली. आता धाकटी मेहुणी सारिका हिचं लग्न ठरलं होतं. गेनूच्या बायकोने, वनिताने, मनाशी पक्कं केलं होतं की बहिणीच्या लग्नात वाजेल तर आबांचीच, म्हणजे वडिलांचीच, सनई वाजेल. पण कॉम्प्युटर दमेकऱ्यासारखा घरघरायचा. कधी राम म्हणेल याचा नेम नव्हता.

तालुक्याला कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या मुजावर मॅडम म्हणाल्या, "बॅकअप घ्या. म्हणजे तशीच दुसरी प्रत काढायची. एक घरात ठेवायची, एक घराबाहेर."

वनिता लग्नाच्या गडबडीत, म्हणून काम गेनूकडे आलं. मॅडमनी दाखवलं होतं तशी त्याने पेन ड्राइव्हवर सनई उतरवून घेतली. मग तो घराबाहेर गेला. अंगणातल्या धुण्याच्या दगडावर पेन ड्राइव्ह ठेवला आणि आत येऊन जेवायला बसला. बाहेर शेळी होती. तिचंही जेवण झालं.

"अवो, घराबाहेर म्हंजे अंगणात व्हय?" वनिता कडाडली. "मोलाची वस्तू इश्वासाच्या माणसाच्या घरी ठेवावी. कडीकुलपात!"

"बरं," गेनू म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं.

पुढच्या आठवड्यात मुलाकडच्या आत्याबाई मानपानाचं बोलायला आल्या. वनिता दुकानात निघताना म्हणाली, "आत्याबाईंस्नी जपा हां. त्यांच्या शब्दावर हे लगीन हाय."

म्हणजे मोलाची वस्तू. गेनूने आत्याबाईंना मोटारसायकलवर बसवलं आणि शेजारच्या वाडीत आप्पा सुताराकडे नेलं. आप्पासारखा विश्वासाचा माणूस दुसरा नव्हता. तिथल्या आतल्या खोलीत त्यांना ठेवलं, बाहेरून कुलूप घातलं आणि शीळ घालत घरी आला.

वनिताने पाया पडून आत्याबाईंना सोडवून आणलं. लग्न मोडता मोडता राहिलं.

"अवो, पाव्हण्याला कुलूप लावत्यात व्हय? घरात कुणी नवं आलं की पाटावर बसवावं, हळदकुंकू लावावं, गरम गरम च्या द्यावा!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी कुरियरवाला एक हार्ड डिस्क देऊन गेला. पेन ड्राइव्हपेक्षा दणकट म्हणून वनितानेच मागवली होती. घरात ती नवीच होती. गेनूने पाट मांडला. तिला बसवलं. हळदकुंकू लावलं. चहा द्यायचा तर तोंड सापडेना. शेवटी वायर खुपसायचं भोक दिसलं, तिथून दिला. आलं घालून.

वनिता ती डिस्क घेऊन रडतच मॅडमकडे गेली. "आबांची येवढीच खूण उरलीया वो," ती म्हणाली. गेनू मागे उभा होता. मॅडमनी डिस्क उलटी धरली. आतून चहा गळला. त्यांनी कपाळावर हात मारला आणि गेनूला एवढंच सांगितलं, "ओल लागली की आधी तांदळात पुरून ठेवायचं. तांदूळ ओल ओढून घेतो."

"बरं. ध्यानात ठेवतो."

मग मॅडम स्वतः घरी आल्या. स्वतः नव्या पेन ड्राइव्हवर प्रत काढली आणि वनिताच्या हातात दिली. "ह्यांच्याकडे देऊ नका," असंही बजावलं. वनिताने ती कमरेच्या बटव्यात घातली.

त्याच आठवड्यात नवरदेव हणमंत काही निरोप घेऊन निघाला होता. वाटेत ओढ्यात त्याची गाडी घसरली. दारात आला तो नखशिखांत भिजलेला. गेनूने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. हाताला धरून आत नेलं आणि तांदळाच्या कणगीत गळ्यापर्यंत पुरलं. पोरगा सालस. थोरले जावई करतायत म्हणजे या घरची रीत असेल, असं समजून गप्प राहिला. वनिता घरी आली तेव्हा कणगीतून "नमस्कार ताई" असा आवाज आला.

हळदीचा दिवस उजाडला. मांडवात कर्णा बांधला, तो कॉम्प्युटरला जोडला. वनिताने बटण दाबलं. कॉम्प्युटरने एकदा घरघर केली, थोडा धूर सोडला आणि राम म्हटला.

वनिता पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली. "बटवा, ताई, बटवा!" हळदीला आलेल्या मॅडम ओरडल्या. बटव्यातून पेन ड्राइव्ह निघाला, कर्ण्याच्या मशिनला लागला आणि आबांची सनई अख्ख्या गावावर पसरली. वनिता रडली, सारिका रडली, गेनूच्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. कशासाठी कोण जाणे, गेनूही रडला.

"बघितलंसा?" वनिता त्याला म्हणाली. "एकीवर इसंबून ऱ्हायलो असतो तर अब्रू गेली असती. जी गोष्ट एकच असती ना, तिची दुसरी तयार ठेवावी. तीबी तपासून!"

बॅकअप म्हणजे काय, ते गेनूला त्या दिवशी खरं कळलं. "बरं, ध्यानात ठेवतो," तो म्हणाला. थोडा वेळ विचारात पडला. मग मोटारसायकलला किक मारून कुठेतरी निघून गेला. हळदीच्या गडबडीत कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला गुरुजींनी अंतरपाट धरला. अलीकडे सारिका. पलीकडे मुंडावळ्या बांधलेला हणमंत. आणि त्याच्या शेजारी, मुंडावळ्या बांधलेला आणखी एक नवरदेव. डेअरीवरचा महिपती. त्याला लग्नाचं कित्येक वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. गेनूने विचारलं, तो हो म्हणाला.

मंगलाष्टक मध्येच थांबलं. "ह्यो कोण?" वरबाप गरजला.

"बॅकअप," गेनू म्हणाला. "पाव्हणं, तुमचा नवरदेव एकच हाय. त्यातून एकदा भिजलेला. मधीच बंद पडला तर आमच्या पोरीनं काय करायचं? ह्यो तपासून आणलाय. चालतोय, बोलतोय. लागला न्हाई तर सांजच्याला परत."

वऱ्हाड उठलं. जोडे शोधायला लागलं. वनिता हातात अक्षतांचं ताट घेऊन त्यांच्या आडवी धावली. आबांची सनई वाचली होती आणि लग्नच हातचं चाललं होतं. तेवढ्यात आत्याबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. कुलपाचा राग अजून त्यांच्या पोटात होताच.

"आन् नवरीचं काय वो, जावईबापू? तीबी एकच हाय की!"

"तिचीबी सोय केलीया," गेनू शांतपणे म्हणाला. "दुसरी घरातच हाय. ही काय, वनिता. लग्नापास्नं मी सोता तपासतोय. एकदाबी बंद पडली न्हाई."

सगळ्यात आधी आत्याबाईच हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना टेकायला खांब लागला. त्या हसल्या म्हणून वरबाप हसला, वरबाप हसला म्हणून वऱ्हाडाने जोडे खाली ठेवले. गुरुजींनी हसू दाबत 'सावधान' म्हटलं. आबांची सनई चढली आणि अक्षता पडल्या. निम्म्या महिपतीच्या अंगावर पडल्या, पण त्याला तेवढ्यानेही बरं वाटलं.

वनिताने आपल्याकडच्या अक्षता मात्र गेनूच्या डोक्यात घातल्या. ताटासकट.