कासवबाईंचा नियम

तळ्याला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. काठावरच्या जांभळीखाली कासवबाईंची शाळा भरायची. बाईंचा आवडता धडा एकच: "या तळ्याकाठी बोलायचा हक्क सगळ्यांना आहे, मग तो लहान असो की थोर." आणि वर्गाचा नियमही एकच: बोलायचं असेल त्यानं पाय वर करायचा. नाहीतर बेडकं एकदम सुरू होत आणि कुणाचंच काही ऐकू येत नसे.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी बाईंनी विचारलं, "बोलायचा हक्क कुणाला?"

फटाफट पाय वर झाले. खेकड्यानं तर उत्साहाच्या भरात सहा केले आणि तो धपकन आडवा झाला. "सगळ्यांना!" वर्ग ओरडला. बाईंना आपल्या मुलांचं कोण कौतुक वाटलं! तेवढ्यात त्यांची नजर मागच्या ओळीतल्या लवचूवर, गांडुळाच्या पोरावर गेली.

"काय रे लवचू, वर्षभरात तुझा एकही प्रश्न नाही. धडा कळला नाही का, राजा?"

"कळला की, बाई. प्रश्नही पुष्कळ होते," लवचू हळूच म्हणाला. "पाय नव्हता."

बाईंनी मान कवचात ओढून घेतली, ती बराच वेळ बाहेर येईना. मुलांना वाटलं, बाई रागावल्या.

शेवटी मान बाहेर आली. बाई डुलत डुलत मागच्या ओळीपाशी गेल्या, लवचूसमोर बसल्या आणि त्यांनी चारही पाय आत घेतले.

"आता मलाही पाय नाहीत," त्या म्हणाल्या. "विचार बाळा. अगदी पहिल्या दिवसापासूनचं विचार."