कमानीखाली गेलेलं माहेर

फार पूर्वीची गोष्ट आहे, पण सांगताना माझं डोकं अजून तापतं.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात एक जुनी बारव होती, म्हणजे पायऱ्यांची मोठी विहीर. लग्न होऊन येणारी प्रत्येक सून माहेरहून एक दगड आणायची आणि तो बारवेच्या पायरीत बसवला जायचा. कुणाचा काळा, कुणाचा तांबडा, कुणाचा पांढुरका. पाण्याला आलेल्या बायका आपापल्या दगडावर घटकाभर टेकायच्या. सासुरवाशिणीला तेवढंच माहेर.

एके दिवशी भूकंप झाला. घरं कोसळली, माणसं गेली. बारवेच्या पायऱ्या निखळल्या, पण दगड शाबूत राहिले.

राजाने प्रधानाला पाठवलं. प्रधान कामाचा होता, हे कबूल करायलाच हवं. त्याने भक्कम घरं बांधली. पण गृहप्रवेशाला राजा स्वतः येणार म्हटल्यावर त्याला राजाच्या नावाची कमान उभारायची हुक्की आली. पाया भरायला दगड कमी पडले.

"त्या बारवेतले जुने दगड आणा," तो म्हणाला.

आणि गावातल्या शहाण्या पुरुषांनी काय करावं? मुकाट्याने गाड्या जुंपल्या! घर मिळतंय ना, मग उगाच वाकड्यात कोण शिरणार?

गावात एक म्हातारी होती. तिचं माहेरचं गाव त्याच भूकंपात गाडलं गेलं होतं. माहेर म्हणून उरला होता तो पायरीतला एक तांबडा दगड. ती बारवेपाशी आली, तर पायऱ्यांच्या जागी नुसता खड्डा.

"माझा दगड कुठाय रे?" तिने मुलाला विचारलं.

"कमानीच्या पायाभरणीत गेला, आई. मीच गाडीत घातला. प्रधानजी म्हणाले, दगडाचं काय एवढं?"

"त्यांचं सोड. तू माझ्या पोटचा ना? तुला ठाऊक नव्हतं?" म्हातारी कडाडली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही.

गृहप्रवेशाचा दिवस उजाडला. त्या गावची रीत अशी, की घरच्या बाईने बारवेचं पाणी कलशात भरून उंबरा ओलांडायचा, तेव्हा कुठे घर आपलं होतं. मुहूर्त जवळ आला. राजा म्हणाला, "चला, कलश आणा."

एकही बाई जागची हलली नाही.

म्हातारी पुढे झाली. "पाण्यापर्यंत उतरायचं कशावरून, महाराज? पायऱ्या तुमच्या नावाखाली पुरल्यात."

प्रधान घाईघाईने म्हणाला, "आजीबाई, नदीचं पाणी भरा. पाणी ते पाणी. जीव वाचला, घर मिळालं, आणि तुम्ही दगडासाठी रडता?"

"रडत नाहीये, चिडलेय!" म्हातारी म्हणाली. "घरं पक्की बांधलीत, चांगलं केलंत. जुन्या भिंतींनी आमची माणसं खाल्ली, त्या नकोतच आम्हाला. पण भूकंपाने जे ठेवलं, ते तुम्ही का नेलंत? एका तरी बाईला विचारलंत?"

राजाने कमानीवरचं आपलं नाव वाचलं. मग रिकाम्या घरांकडे पाहिलं. मुहूर्त टळत होता.

"उतरवा ती कमान," तो म्हणाला. "पहिला दगड प्रधानजी उचलतील."

कमान उतरली, पाया उकरला. बायकांनी आपापले दगड ओळखले आणि पायऱ्या पुन्हा बसल्या. म्हातारीचा दगड मात्र सगळ्यांत खाली सापडला, दोन तुकडे झालेला. पायाच्या खड्ड्यात मावत नव्हता, म्हणून त्यावर घण घातला होता. कुणी घातला, ते मुलाच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"आई, चुन्याने असा सांधतो की भेग दिसणारसुद्धा नाही," तो म्हणाला.

इतक्या दिवसांत म्हातारी पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "दिसू दे. तुझ्या लेकरांनाही दिसू दे."

तात्पर्य विचाराल तर ते त्या पायरीवर आजही आहे: भूकंपाने पाडलेलं पुन्हा बांधता येतं, पण त्याने राखलेलं आपणच फोडलं, तर सांधल्यावरही भेग राहते.