फुटलेला फोटो

सावंतवाडीच्या हौशी फोटोग्राफर मंडळाचे अध्यक्ष प्रभुदेसाई, परीक्षकही तेच, आणि दरवर्षी पहिला नंबरही त्यांचाच! यंदा त्यांनी शर्वरीचा बुलबुलाच्या घरट्याचा फोटो पडद्यावर मोठा करून सगळ्यांना हसवलं.

"ही सुपरझूम कॅमेऱ्याची करामत! लांबून ओढलेला फोटो मोठा केला की असा फुटतो. पानांआड पिल्लं आहेत की बटाटे? बाई, हे खेळणं घरी ठेवा."

शर्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाखरांना त्रास नको म्हणूनच तर ती कुंपणाबाहेर उभी राहिली होती! तेवढ्यात प्रभुदेसाईंनी त्याच घरट्याचा स्वतःचा फोटो लावला. पिल्लांचं पीस न् पीस मोजून घ्यावं इतका लख्ख.

"सर, हाही मोठा करा ना," ती म्हणाली. "घरट्याच्या जरा वर."

त्यांनी ऐटीत केला. पडद्यावर कोयत्याने छाटलेल्या फांद्यांची ताजी, पांढरी टोकं दिसली. खाली, सावली गेलेली पिल्लं भर उन्हात चोची वासून पडली होती.

"मोठा केला की माझा फोटो फुटतो, कबूल," शर्वरी कडाडली. "तुमचा मोठा केला की बिंग फुटतं!"