मिरजेची हवा, मिरजेची वॉशर

मिरजेच्या एका रायफल क्लबात जिल्हा संघाची निवड होती आणि आदल्या दिवशीच चारुताच्या एअर रायफलमधली सील फाटली. ही सील आत हवा कोंडून धरते. ती गेली की छर्रा पायाशीच पडतो. कंपनीची सील यायला महिना लागणार होता. चारुताने स्टोव्हच्या पंपाची चामड्याची वॉशर आणली, तेलात भिजवली आणि घासूनपुसून चपखल बसवली.

सकाळी क्लबचे सेक्रेटरी इनामदारसाहेब रायफली तपासत आले.

"सील कुठली गं ही?"

"स्टोव्हची वॉशर आहे, साहेब."

"अगं, इथं नेम धरायचाय, चहा नाही उकळायचा!" साहेबांबरोबर सगळे हसले. "या रायफलला जर्मन सीलच लागते. गावठी माल चालायचा नाही. हो बाजूला!"

चारुता बाजूला झाली नाही. खालमानेनेच तिने विचारलं, "साहेब, तुमच्या रायफलला जर्मन सील आहे ना? मग तिच्यात हवा कुठली भरता?"

"कुठली म्हणजे? इथलीच!"

"जर्मन सीलला मिरजेची हवा चालते, साहेब. मग मिरजेच्या हवेला मिरजेची वॉशर का चालू नये?"

आता हसणाऱ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"मार बघू."

चारुताने श्वास रोखून चाप ओढला. छर्रा थेट काळ्या ठिपक्याच्या मधोमध घुसला.

साहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावली, काढली, पुसली आणि पुन्हा लावली.

"बघत काय उभी राहिलीस?" ते खेकसले. "दुसरा छर्रा भर!"